दहावी ‘ब’चं पंचांग

आमचा प्रेस होता उदगीरला, चौबाऱ्याच्या मागं.
पुढच्या साली दिवाळी कधी,
येळवस कोणत्या वारी,
हे गावाच्या आधी आमच्या घरी कळायचं,
ओल्या शाईत, दोरीवर वाळताना.
म्हणून बिरादार बाई म्हणाल्या,
निरोपाच्या दिवशी सगळ्यांचं भविष्य तूच वाच.
“खरं लिहू नको, चांगलं लिही.”
म्हणजे एकूण पंचांगासारखंच.

मशीनखाली लग्नपत्रिकांची छाट पडलेली असायची.
तिच्या पट्ट्या घेतल्या.
एका बाजूला अर्धा गणपती,
दुसऱ्या बाजूला एकेकाचं आयुष्य.

मन्मथ स्वामी.
दहा वर्षं उशिरा आला,
त्याला प्रतिज्ञेची फक्त शेवटची ओळ पाठ.
हा एस.टी.त लागेल, माईकवर.
“भालकी गाडी गेलेली आहे,”
हे इतक्या गोड आवाजात सांगेल
की गाडी चुकलेले लोक त्यालाच चहा पाजतील.

नुसरत पटेल.
चाचणीत तिनं मला उत्तर दाखवलं,
मी उतरवून घेतलं,
मग तिनं स्वतःचं शांतपणे खोडलं.
वकील. यात शंका नको.
कोणाच्या बाजूची, ते निकाल लागल्यावर कळवेल.

किशन तोंडारे.
सात परीक्षानळ्या, एक तापमापी
आणि सांगाड्याची उजवी करंगळी याच्या नावावर जमा.
शास्त्रज्ञ होईल, नाहीतर भंगाराचं दुकान टाकेल.
दोन्ही जमलं तर बाहेरून माल घ्यायला नको.

महानंदा येळवशीला चार शेतांत जेवते
आणि पाचव्यात “भूक न्हाई ग” म्हणत
भज्जीची दुसरी वाटी पुढं ओढते.
तिला मी आहाराची डॉक्टर केलं.
पेशंटला म्हणेल, हे बंद करा, ते बंद करा,
आणि बंद केलेलं डब्यात भरून घरी नेईल.

हेडमास्तरांचंही लिहिलं होतं:
निवृत्तीनंतर पिठाच्या गिरणीत
लोकांना उंचीप्रमाणे उभं करतील.
हे वाचताना मी मान वर केली नाही.
हसण्यात एक हसू जाड होतं, त्यांचंच निघालं.

मधेच सांगते,
परवा मन्मथ प्रेसमध्ये आला होता,
पोरीच्या लग्नाची पत्रिका छापायला.
हैदराबादला डायलिसिसच्या मशीनवर असतो,
बावीस वर्षांत एक मिनिट चुकला नाही म्हणे.
“पेशंट वाट बघत असतो ग,” एवढंच बोलला.
मुहूर्त अकरा सदतीस.
मी प्रूफ त्याला दोनदा तपासायला लावलं.
असो.

तर वाचन संपत आलं, शेवटची पट्टी उरली.
शिवकांता येरोळकर.
खिडकीकडचा बाक, दोन वेण्या,
तीन वर्षांत आमचं बोलणं म्हणजे
“पट्टी दे” आणि “घे”.
काल रात्री तिच्या नावापुढं काहीच सुचलं नव्हतं.
कोरी पट्टी कशी वाचायची?
तोंडाला आलं ते म्हणाले: कलेक्टर.
वर्ग असा हसला की बाहेर बांधलेली
शिपाईमामांची शेळी दावं ओढायला लागली.
नुसरत मागून ओरडली, “आणि हिचं कोण लिहूलालंय?”
बाई म्हणाल्या, ही जन्मभर
लोकांच्या नावातल्या वेलांट्या दुरुस्त करणार.
(झालं ते. यात भविष्य काय, माझ्या बोटांची शाई बघूनच बोलल्या.)

पेढे वाटून झाले.
मी हात धुवायला टाकीपाशी गेले,
तर शिवकांता तिथं उभी,
नळ बंद करायचा विसरून.
“कोणत्या जिल्ह्याची?”
“काय कोणत्या?”
“कलेक्टर.”
मी म्हणाले, लातूर.
तिनं जरा विचार केला, खरोखरचा.
“नांदेडची कर की. मामा हाय तिथं, ऱ्हायची सोय हुईल.”

कोरी पट्टी पुढं केली माझ्याकडं,
पाण्यानं भिजलेली.
मी खिशातला पेन काढला
आणि भिंतीवर टेकवून
नांदेड लिहिलं.
शाई पसरली.
तरी तिनं ती घडी घालून कंपासपेटीत ठेवली.